गोलपोस्टासमोरची फक्की

तो रविवार माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. सकाळी फिरायला जाते, कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी वाद घालते, बाकी सगळं सुखात चाललंय. पण पोलिसात काढलेल्या चौतीस वर्षांत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यातली सगळ्यात मोठी त्या रविवारी झाली, आणि ती मी कुणाला सांगितली नाही. आता लिहिते. नाव कुणाचंच घेणार नाही. ज्यांची ही गोष्ट आहे ती माणसं इथंच हडपसरच्या बाजूला राहतात, बाजारात समोर येतात.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी दहावी झाल्यावर शिपाई म्हणून भरती झाले. पुढची शाळा पोलीस ठाण्यातच. जबाब कसा लिहायचा, पंचनाम्यात काय सोडायचं नाही, हे एका म्हाताऱ्या हवालदारांनी शिकवलं. खात्याची परीक्षा तिसऱ्या खेपेला सुटली. फौजदार झाले तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते. ही घटना घडली तेव्हा मी सहायक निरीक्षक होते, आणि आमच्या ठाण्यात एक नवी उपनिरीक्षक आली होती. वय सव्वीस. स्पर्धा परीक्षा दिली आणि थेट खांद्यावर दोन स्टार. शिपाई पोरं तिला 'नव्या मॅडम' म्हणायची. म्हणजे मी आपोआप जुनी झाले.

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते, मी तिच्यावर जळत होते. मोठे साहेब बैठकीत तिला विचारायचे, "तुमचं काय मत?" मला विचारायचे, "बंदोबस्ताला किती माणसं लागतील?" तिचं अक्षर सुंदर. माझं बघून कोर्टातले कारकून कपाळाला हात लावायचे. बरं, पोरगी उद्धट असती तर मला सोपं गेलं असतं. ती आदरानं वागायची. मी आले की उठून उभी राहायची. त्याचाही मला राग यायचा!

असो. आता सामन्याकडे येते.

आमच्या हद्दीतून कालवा जातो, खडकवासल्याहून येणारा. कालव्याच्या अलीकडे एक फुटबॉल क्लब, पलीकडे एक. दोन्ही क्लब लीगच्या खालच्या गटातले. पेपरात यांचा निकाल कधी आला नाही. पण वर्षातून दोनदा ते एकमेकांशी खेळायचे आणि त्या दिवशी आमच्या ठाण्याला जादा बंदोबस्त लागायचा. पोरं त्याला डर्बी म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला घोड्यांची शर्यतच वाटली, मी विचारलं होतं, "घोडे कुठं बांधणार?" शिपाई आठवडाभर हसत होते.

खेळापेक्षा त्या दिवशी एकमेकांवर जळणाऱ्या पोटांचाच सामना असायचा. अलीकडच्यांचं म्हणणं, पलीकडे रस्ता आधी झाला. पलीकडच्यांचं म्हणणं, अलीकडे नळाला पाणी जास्त वेळ. जमिनी कुणाच्या विकल्या गेल्या, टॉवर कुणाच्या शेतात उभे राहिले, कुणाचा पोरगा खराडीला गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून कामाला जातो, सगळं त्या मैदानावर निघायचं. मैदान म्हणजे तरी काय, माती, मध्येमध्ये गवत, एका बाजूला कंपाउंडची भिंत. भिंतीवर माणसं कावळ्यांसारखी ओळीनं बसलेली. अलीकडचे भिंतीच्या बाजूला, पलीकडचे समोर आंब्याच्या झाडांखाली. सीमा कुणी आखली नव्हती, पण कुणी ओलांडायचंही नाही. दोन्हीकडे ताशे. भेळेची गाडी मात्र मधोमध, ती दोघांची.

त्या दिवशीचे टोमणे मला पाठ आहेत.

"ए नऊ नंबर, गोल तिकडं हाय! मॅप लावून देऊ का?"

"तुमचा कोच कुठाय? प्लॉट दाखवायला गेला का गिऱ्हाइकाला?"

चेंडू एकदा भिंतीपलीकडच्या सोसायटीत गेला. सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीत आले आणि शांतपणे म्हणाले, "चेंडू मिळेल. अर्ज करा." पाच मिनिटं खेळ थांबला. सगळं मैदान हसलं, दोन्ही बाजूंनी एकत्र. मला वाटलं, चला, आज काही होत नाही.

अलीकडच्या संघाचा गोलकीपर बावीस वर्षांचा होता. विदर्भातून आलेल्या कुटुंबातला, वडील एका कारखान्यात कामाला. पोरं त्याला धाकटा म्हणायची, कारण त्याच्या आधीचा कीपर थोरला. हा थोरला छत्तिसाचा, इथल्याच जुन्या गावातला. चौदा वर्षं एक नंबरचा कीपर होता. धाकट्याला झेप घ्यायला त्यानंच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी धाकटा पुढं गेला आणि थोरला बाकावर बसला. धाकट्याला एका मोठ्या सरकारी खात्याच्या संघाच्या चाचणीचं बोलावणं आलं होतं, पंधरा दिवसांनी. अख्ख्या मैदानाला ते ठाऊक होतं.

मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. दुसरा डाव सुरू होऊन सात-आठ मिनिटं झाली असतील. पलीकडच्या नऊ नंबरनं खालून फटका मारला. धाकट्यानं उजवीकडे झेप घेतली, चेंडू बाहेर घालवला आणि रेघेवरच तोंडावर पडला. पांढरी धूळ उडाली. नऊ नंबरही धावत येऊन त्याच्यावर अडखळला आणि त्याच रेघेत उपडा झाला. नऊ नंबर उठला, तोंड पुसलं, निघून गेला. धाकटा उठला नाही. दोन्ही हात डोळ्यांवर, आणि पाय झाडायला लागला.

झाडांखालून आवाज, "ए नाटक कंपनी! तिकीट किती?"

"वेळ काढतोय! उठव रे त्याला!"

मी रेघेजवळच उभी होते. ते ओरडणं मी ओळखलं. ते नाटक नव्हतं. आत धावले. पोरानं माझा हात धरला. "मॅडम, मले काईच दिसून नाई राह्यलं," म्हणाला. डोळे उघडत नव्हते, पापण्या लाल, भुवयांवर पांढरं. कुणीतरी बाटलीनं पाणी ओतलं. कुणीतरी त्याचे हातमोजे ओढून काढले आणि माझ्या हातात कोंबले. तेवढ्यात भिंतीवरून ओरडा आला, "फक्कीत चुना मिसळलाय त्यांनी! डोळे फोडले पोराचे!" आणि भिंतीवरची सगळी माणसं एकदम खाली उतरली.

मैदानावर रेघा मारायला जी पांढरी दगडाची पूड वापरतात, तिला फक्की म्हणतात. ती डोळ्यांत गेली तर खुपते, भाजत नाही. पण हे सगळं शांतपणे आठवायची ती वेळ नव्हती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या उडायला लागल्या होत्या. मला दोन्ही हात मोकळे हवे होते. थोरला शेजारीच उभा होता, पांढराफटक. त्या क्लबचे हातमोजे त्याच्याकडेच असतात हे मी दर सामन्याला बघितलं होतं. मी ते त्याच्या हातात दिले. म्हटलं, "घे रे बाबा, सांभाळ."

इथं मी माझ्या हातानं मुद्देमाल देऊन टाकला. पंचनाम्यात काय सोडायचं नाही हे आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवणाऱ्या बाईनं.

गर्दी पांगवायला अर्धा तास गेला. दोन शिपायांना टाके पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी तासभर डोळे धुतले आणि बाहेर येऊन म्हणाले, "हा चुना आहे. साधी धूळ नाही. उजवा वाचेल. डाव्याचं आत्ता सांगता येत नाही." धाकट्याच्या वडिलांनी फिर्याद दिली. मी कागद धरला, त्यांनी सही केली.

संशय कुणावर जाणार? रेघा कुणी मारल्या? मैदानाचे माळीकाका. मैदान एका खाजगी संस्थेचं. काका तिथं सव्वीस वर्षं कामाला, रेघा तेच मारायचे. राहायला पलीकडे. त्यांचा पुतण्या पलीकडच्या संघात, तोच नऊ नंबर. आणि आम्ही त्यांची खोली उघडली तर कोपऱ्यात चुन्याचं अर्धं पोतं. आता सांगा.

"काका, हा चुना कशाला?"

"झाडांना. बुंध्याला लावतो."

"सामन्याच्या दिवशी पोतं उघडं कसं?"

"पोतं बंद करून झाडं रंगवता येत न्हाईत, मॅडम. तुमच्या ठाण्याच्या वडाला पण मीच लावलाय. तवा पंचनामा केला न्हाई कुणी."

मला ते बोलणं झोंबलं. मी गोलसमोरच्या फक्कीचे नमुने घेतले, पोत्यातले घेतले, पाकिटं लाखेनं बंद केली, तपासणीला पाठवली. अहवाल यायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत काकांना रोज ठाण्यात बोलवायचं, बसवायचं, विचारायचं. संस्थेनं दुसऱ्याच दिवशी त्यांना सांगितलं, निकाल लागेपर्यंत येऊ नका. निर्दोष असल्याचं लेखी आणलं तरच परत. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. पण कामापेक्षा गल्ली वाईट. अलीकडची पोरं कालव्याच्या पुलावर उभी राहून त्यांना 'डोळेफोड्या' म्हणून हाक मारायची. दुसऱ्या दिवसापासूनच ते ठाण्यात यायचे ते डोक्यावरून उपरणं घेऊन, तोंड झाकून. सव्वीस वर्षं उघड्या मैदानावर काम केलेला माणूस.

आता माझी दुसरी चूक. पहिल्याच संध्याकाळी नवी मॅडम माझ्या टेबलाशी आली होती.

"मॅडम, एक विचारू? जप्तीत हातमोजे दिसले नाहीत."

"कसले हातमोजे?"

"गोलकीपरचे. तो घाम हातमोज्यानंच पुसतो ना. आणि नऊ नंबर त्याच रेघेत तोंडावर पडला होता, त्याला काहीच झालं नाही. चुना रेघेत असता तर—"

"तू आजवर किती सामने बघितलेस?" मी विचारलं.

"हा पहिलाच, मॅडम."

"मी वीस बघितलेत."

ती "हो मॅडम" म्हणून गेली. ती बरोबर बोलतेय हे मला तेव्हाच कळलं होतं का? मी हे स्वतःला पुष्कळदा विचारलंय. थोडंसं कळलं असावं. नाहीतर मला इतका राग आला नसता. हातमोज्यांचा विषय निघाला की ते मी कुणाच्या हातात दिले तेही निघणार. आणि ही कालची पोरगी माझी चूक मोठ्या साहेबांसमोर मांडणार. त्यापेक्षा काकांचं पोतं मला जवळचं वाटलं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी ठाण्याच्या फोनवर बाईचा आवाज आला. मीच उचलला.

"तुम्ही चुकीचा माणूस धरलाय."

"कोण बोलतंय?"

"ते जाऊ द्या. थोरल्या कीपरच्या घरी दर सोमवारी दोरीवर हातमोजे असतात वाळत. आज गुरुवार झाला. या सोमवारी न्हवते, अजून न्हाईत. त्यांना जेवण जात न्हाई. पोरांशी बोलत न्हाईत." मग ती म्हणाली, "त्या माळीकाकांनी काय केलं न्हाई हो." आणि फोन ठेवला.

फोन कुणाचा होता हे मला बोलण्यावरूनच समजलं. नवऱ्याबद्दल घरातलीच बाई असं बोलते. तिचं नाव मी स्टेशन डायरीत लिहिलं नाही.

मी उठले आणि नव्या मॅडमच्या टेबलापाशी गेले. ती संगणकावर काहीतरी बघत होती. मैदानावरच्या लोकांनी मोबाईलवर काढलेल्या चित्रफिती. तिनं तीस-बत्तीस गोळा केल्या होत्या, माझ्या परवानगीशिवाय, जेवणाच्या सुट्टीत बसून.

"दाखव," मी म्हटलं.

तिनं त्यातली एक दाखवली. दुसरा डाव सुरू झालाय. चेंडू पार दुसऱ्या टोकाला. धाकटा गोलसमोर एकटा. हातमोज्याच्या मनगटावरच्या भागानं कपाळ पुसतो. मग डोळे मिचकावतो. मग पुन्हा पुसतो, जोरात. फटका यायला अजून मिनिटभर अवकाश आहे. तो रेघेवर पडायच्या आधीच त्याचे डोळे चुरचुरत होते.

"हे तू मला आधी का नाही दाखवलंस?"

तिनं चित्रफीत थांबवली. उत्तर दोघींनाही माहीत होतं.

थोरल्याला आम्ही बोलावणं पाठवलं नाही. जीप गल्लीत नेली असती तर कालव्याच्या दोन्ही बाजू पेटल्या असत्या. तो खराडीला एका आयटी कंपनीत सुरक्षारक्षकांचा सुपरवायझर होता. त्याला फोन केला, "पाळी संपली की ये, धाकट्याबद्दल थोडं विचारायचंय." चार वाजता आला. गणवेशातच. खुर्चीत बसला तो टोकावर.

अशा माणसाला ओरडून काही मिळत नाही. तो रोज दुसऱ्यांच्या बॅगा तपासतो, त्याला प्रश्नांची सवय असते. सरळ विचारलं तर सरळ खोटं बोलतो. मी चहा मागवला. विचारलं, "हातमोज्यांची तुमच्या क्लबात काय पद्धत आहे रे? मला समजावून सांग."

त्यानं सांगितलं. चांगली जोडी एकच, क्लबची. घालायची एक नंबरच्या कीपरनं आणि धुवायची दोन नंबरच्यानं. घरी न्यायची, कोमट पाण्यात हातानं धुवायची, सावलीत वाळवायची. मध्यंतरात दोन नंबरच्यानंच ओली करून द्यायची, रबर ओलं असलं की चेंडू चिकटतो. क्लब सुरू झाला तेव्हापासूनची रीत.

"म्हणजे चौदा वर्षं तुझे कुणीतरी धुतले."

"हां."

"आणि दोन वर्षं तू त्याचे धुतोस."

नवी मॅडम शेजारी वही घेऊन बसली होती. आणि मग मी जे बोलले ते आधी ठरवलेलं नव्हतं.

"हे बघ," मी म्हटलं. "ही बसलीय ना शेजारी, ही सव्वीस वर्षांची आहे. मी शिपाई म्हणून लागले तेव्हा हिच्या आईचं लग्न व्हायचं होतं. ही आली त्या दिवसापासून मी हिच्यावर जळते. परवा ही माझ्याकडे बरोबर गोष्ट घेऊन आली, मी हिला हाकलली. का? तर ती हिनं सांगितली म्हणून. तेवढ्यापायी एक म्हातारा माणूस चार दिवस तोंड झाकून फिरतोय. आता तू बोल."

मॅडमचं पेन थांबलेलं मला दिसलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

थोरल्यानं दोन्ही तळवे मांडीवर पुसले. "वहिनींना... म्हणजे माझ्या बायकोला मी बोलावलं होतं सामन्याला," म्हणाला. इतका गडबडला होता की स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणाला. "चौदा वर्षांत ती कधी आली न्हवती. पोरं लहान. आता आली, तर मी बाकावर. लेक विचारते, पप्पा, तुम्ही का न्हाई खेळत? मी म्हटलं, खेळणार. दुसऱ्या डावात."

"मग?"

"मॅडम, त्याला चाचणीचं पत्र आलं ते आधी मला दाखवलं त्यानं. पाया पडला. दादा, तुझ्यामुळं झालं, म्हणाला. त्यानं तसं म्हणायला नको होतं." त्यानं चहाचा कप लांब सरकवला. "कोचनी ज्या दिवशी मला हातमोजे दिले ना, धुवायला, तेव्हा मी हसलो होतो. सगळ्यांसमोर. म्हटलं, द्या की, त्यात काय."

"चुना कुठला?"

त्यानं खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. तंबाखूची. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. "ओले करताना मनगटावर चोळला. पांढऱ्यावर पांढरा, दिसला न्हाई. वाटलं, डोळे चुरचुरतील, पाच-धा मिनिटं बाहेर येईल, मला आत घालतील. तेवढंच. देवाशप्पथ तेवढंच. इतका आत जाईल असं..."

"हातमोजे कुठं आहेत?"

"माझ्या कपाटात. पिशवीत."

"धुतले का नाहीस? पुरावा गेला असता."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं. "हात लावायला झालं न्हाई, मॅडम," म्हणाला.

पंचांसमोर हातमोजे जप्त केले. पुढचं कोर्टात झालं, ते मी इथं लिहीत नाही. धाकट्याचा उजवा डोळा पूर्ण बरा झाला, डाव्यात थोडं धूसर राहिलं. चाचणी गेली. मी त्याला खरं सांगायला गेले तेव्हा पट्टीखालून त्यानं एवढंच विचारलं, "दादानं? मॅडम, तुमची चूक तं नाई होत?" माझ्याकडून चुका होतात हे त्याला तोवर कळलं होतं, पण ही चूक नव्हती. मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं. थोरल्याला त्यानं माफ केलं का, मला माहीत नाही. विचारायचा माझा हक्क नव्हता.

उरले माळीकाका.

मी शुक्रवारी सकाळी त्यांना ठाण्यात बोलावलं. खुर्ची दिली. म्हटलं, "काका, खरा माणूस सापडला. तुमच्यावर काही नाही. झालं गेलं विसरा."

"विसरतो," काका म्हणाले. "लेखी द्या."

"तोंडी सांगते ना संस्थेला, मी स्वतः फोन करते."

"मला धरलं ते तोंडी न्हवतं. डायरीत लिवलं, सही घेतली, अंगठ्याची शाई तीन दिवस गेली न्हाई. आता सुटलो ते पण लेखीच पायजे."

मोठ्या साहेबांची परवानगी काढली. कागद घेतला आणि माझं अडलं. असलं पत्र मी कधी लिहिलेलंच नव्हतं. आरोपपत्रं शेकड्यांनी लिहिली, हे नाही. मी नव्या मॅडमला हाक मारली. "लिहून देतेस का? मला जमत नाहीये." सगळे शिपाई ऐकत होते. तिनं खुर्ची ओढली, सुंदर अक्षरात लिहिलं आणि काकांना वाचून दाखवलं. तपासादरम्यान सदर इसमाबाबत संशय निर्माण झाला होता, तथापि तो निराधार असल्याचे निष्पन्न झाले आहे, वगैरे.

काकांनी हात वर केला. "संशय निर्माण झाला म्हंजे? आपोआप? गवतासारखा उगवला का? कुणी घेतला?"

मॅडमनं माझ्याकडे बघितलं. ती वाक्य फिरवू शकली असती. तिला येतं ते.

"मी घेतला," मी म्हटलं. "तसंच लिही. माझं नाव, माझा हुद्दा. खरा पुरावा माझ्या हातात होता, तो मी दुसऱ्याला देऊन टाकला, तेही लिही."

"मॅडम, एवढं लिहायची गरज नाही," ती हळूच म्हणाली. मला वाचवत होती. मी जिच्यावर सहा महिने जळले ती.

"लिही गं," मी म्हटलं.

सही, शिक्का झाला. काकांनी कागद दोनदा स्वतः वाचला, घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. मी म्हटलं, "चला, जीपनं सोडते."

"नको. तुमच्या जीपमधून उतरताना गल्लीनं एकदा बघितलंय. चालत जातो."

मी टोपी घातली आणि त्यांच्याबरोबर निघाले. पूल ओलांडून, गणवेशात, भर बाजाराच्या वेळेला. ते पुढं, मी एक पाऊल मागं. मी मनाशी बोलत राहिले. कुणाच्या पोटात काय जळतंय हे शोधायला मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरात डोकावले. लांबच्या माणसावर कुणी जळत नाही, जो आपल्या बाकावर येऊन बसतो त्याच्यावर जळतो, हेही मला पाठ होतं. पण आपण जळत असलो की समोरचं बरोबर बोलणंसुद्धा चूक ऐकू येतं, हे कुठल्या हवालदारानं शिकवलं नव्हतं. त्यानंतरच्या प्रत्येक तपासात, कुणाचं म्हणणं मला आवडलं नाही की मी ते मुद्दाम दुसऱ्यांदा ऐकलं. उशीर व्हायचा. पण ऐकलं.

काकांची गल्ली आली. ओट्यावर बायका गहू निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. चहाच्या टपरीवरून एक जण उठला.

"काय हो काका, पुन्हा धरलं का काय?"

काकांनी गेल्या पाच दिवसांत पहिल्यांदाच डोक्यावरचं उपरणं खाली ओढून खांद्यावर टाकलं.

"न्हाई रे," ते म्हणाले. "ह्या मला पोचवायला आल्यात."